मदत हवी आहे: एनएसी देऊनही लिव्हरच्या एमडीएत फरक नाही, सोमवारी टेबल दाखवायचंय

अबोली:
एम.फार्म शेवटचं वर्ष, फार्माकॉलॉजी. प्लीज लवकर सांगा कुणीतरी. हेपॅटिक इस्केमिया-रिपर्फ्युजन मॉडेल केलंय, विस्टर रॅट, एनएसी (एन-असिटिलसिस्टीन, अँटिऑक्सिडंट औषध) १५० एमजी पर केजी आयपी (पोटात इंजेक्शन). लिव्हरचं रक्त थांबवून परत सोडलं की ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसचा मार बसतो आणि एनएसीने तो कमी व्हायला हवा ना, पण माझं एमडीए (ऑक्सिडेटिव्ह नुकसानीचं माप) जैसे थे, जीएसएच (ग्लुटाथायोन, शरीराचं स्वतःचं अँटिऑक्सिडंट) पण तसंच. किट नवीन आहे, स्टँडर्ड कर्व्ह सरळ आलाय. २४ ॲनिमल गेले हो, ते वाया जाऊ नयेत एवढंच वाटतंय. काय चुकलं असेल?

खलबत्ता:
क्लॅम्प किती वेळ? रिपर्फ्युजन किती तास? टोटल की पार्शल? काहीच लिहिलं नाहीस, सांगणार कशावरून. आणि एनएसी पाण्यात टाकलं की चांगलंच ॲसिडिक होतं, पीएच ॲडजस्ट केलास का?

अबोली:
पार्शल, लिव्हरचा ७० टक्के भाग. ६० मिनिटं क्लॅम्प, ६ तास रिपर्फ्युजन. एनएसी अर्धा तास आधी, पीएच ७.४ केला होता.

सह्याद्रीपुत्र:
एनएसी कशाला, कर्क्युमिन घ्यायचं होतंस. आपल्या घरातली हळद सोडून हे बाहेरचं कशाला? आमच्याकडे काविळीला भुईआवळा देतात, गुण येतो म्हणतात.

खलबत्ता:
दादा, तोंडाने घेतलेलं कर्क्युमिन रक्तात फारच कमी पोचतं. आणि हळदीच्या कॅप्सूल घेऊन लिव्हरलाच इजा झालेले पेशंट नोंदलेले आहेत. शिवाय तिने विचारलंय काय आणि तुम्ही सांगताय काय.

सह्याद्रीपुत्र:
कॅप्सूल वेगळी, स्वयंपाकातली हळद वेगळी. भुईआवळ्याबद्दल बोला की मग.

रात्रपाळी:
मी ट्रान्सप्लांट ओटीत टेक्निशियन आहे. आमच्याकडे लिव्हर ज्या थंड यूडब्ल्यू सोल्युशनमध्ये येतं त्यात ग्लुटाथायोन आणि ॲलोप्युरिनॉल दोन्ही असतात, म्हणजे अँटिऑक्सिडंट आधीपासून वापरात आहेतच. लिव्हर कापताना सर्जन प्रिंगल (लिव्हरकडे येणारं रक्त क्लॅम्पने थांबवणं) करतात तेव्हा साधारण १५ मिनिटं क्लॅम्प, ५ मिनिटं मोकळं, असं आलटून पालटून. क्लॅम्प काढल्यावर रंग परत येतो तो बघत सगळे गप्प उभे असतात. तुझे ॲनिमल गरम ठेवले होतेस ना? अंग थंड पडलं तर लिव्हर आपोआप वाचतं आणि मग औषधाचा फरक दिसत नाही.

अबोली:
हीटिंग पॅड होता, ३७ वर. ॲलोप्युरिनॉलचं नव्हतं माहीत. म्हणजे ते ज्याला अडवतं ते झँथिन ऑक्सिडेज एन्झाइम हेच मुख्य कारण ना?

खलबत्ता:
पुस्तकात तसंच असतं, रक्त नसताना एटीपी तुटून हायपोझँथिन साचतं आणि ऑक्सिजन परत आला की झँथिन ऑक्सिडेज त्यातून सुपरऑक्साइड (पेशींना घातक ऑक्सिजन रॅडिकल) काढतं. पण लिव्हरमध्ये सुरुवातीच्या तासांत कुफर सेल (लिव्हरमधल्याच संरक्षक पेशी) जास्त जबाबदार, नंतर न्यूट्रोफिल (रक्तातल्या पांढऱ्या पेशी) येतात. ते राहू दे. शॅमचं (ऑपरेशन केलेल्या पण क्लॅम्प न लावलेल्या ग्रुपचं) एमडीए किती आलं?

अबोली:
शॅम पण तेवढंच. तिन्ही ग्रुप सारखे. एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) मात्र कंट्रोलला (क्लॅम्प लावला, एनएसी नाही) खूप चढलंय आणि एनएसीला त्याच्या निम्म्याच्या आसपास आहे, ते बरोबर आलंय.

खलबत्ता:
अगं हे आधी सांगायचं ना! शॅम आणि कंट्रोल सारखे म्हणजे एनएसीचा प्रश्नच नाही, एमडीए मोजलेल्या तुकड्याला मारच बसलेला नाही. होमोजिनेट (टिश्यू वाटून केलेलं मिश्रण) कुठल्या लोबचं केलंस?

अबोली:
लिव्हरचं. म्हणजे लोब… थांबा, वही बघते.

रात्रपाळी:
७० टक्के मॉडेलमध्ये डावा आणि मधला लोबच बंद होतो. क्लॅम्प लावल्यावर ते दोन फिके, मातकट पडतात आणि उजवा लालच राहतो. हे बघितलं असशीलच.

अबोली:
बघितलं होतं, फोटो पण काढलेत. डावा आणि मधला अख्खा फॉर्मलिनमध्ये टाकला हिस्टोलॉजीसाठी, त्याचे तुकडे करू नका असं सिनियर म्हणाले होते म्हणून. उरलेल्यातून, म्हणजे उजव्यातून, एमडीए केलं. वहीत माझ्याच अक्षरात लिहिलंय. २४ च्या २४. आत्ता रडू येतंय मला.

खलबत्ता:
रडू नकोस. फॉर्मलिनमधल्या टिश्यूवर एमडीए, जीएसएच होणार नाही हे खरं. पण ब्लॉक करून एच अँड ई (स्लाइड रंगवायची नेहमीची पद्धत) काढ, सुझुकी स्कोअर (लिव्हरच्या इजेचे ग्रेड) दे, कंजेशन, व्हॅक्युओल, नेक्रोसिस. स्लाइड वाचणाऱ्याला ग्रुप सांगू नकोस. एसजीपीटी आणि स्लाइड मिळून तुझी गोष्ट उभी राहते, ॲनिमल वाया गेले नाहीत. उजव्या लोबचे आकडे लपवू नकोस, नॉन-इस्केमिक लोब म्हणून थीसिसमध्ये टाक.

सह्याद्रीपुत्र:
नवीन सहा ॲनिमल घेऊन परत एमडीए कर की मग सरळ.

खलबत्ता:
त्याला एथिक्स कमिटीची मंजुरी लागते, मनाला येईल तसे ॲनिमल वाढवता येत नाहीत.

पारिजात:
माझ्या मिस्टरांचं एसजीपीटी ७८ आलंय, फॅटी लिव्हर आहे. एनएसीची गोळी सुरू करू का? दुकानात मिळते.

रात्रपाळी:
ताई, इथे चाललंय ते रक्त थांबवून परत सोडल्यावरचं आहे, फॅटी लिव्हर वेगळं. स्वतःहून सुरू करू नका, रिपोर्ट घेऊन डॉक्टरांना भेटा.

अबोली:
लॅबमध्ये आलेय. फॉर्मलिनच्या बाटल्या सगळ्या आहेत, लेबलं वाचता येतायत, सात नंबरचं तेवढं पुसलंय पण वजनाच्या नोंदीवरून लागेल. ब्लॉक आजच टाकायला देते आणि सरांना सोमवारची वाट न बघता आत्ताच फोन करते. खलबत्ता सर, सुझुकीचे ग्रेड कसे देतात ते इथेच लिहाल का प्लीज?