मदत हवी आहे: लग्न झालेल्या बहिणीला रुबेलाची लस कुठे आणि कशी द्यावी?

नमस्कार. माझी धाकटी बहीण २७ वर्षांची आहे, साताऱ्याला असते. बाळाचा विचार सुरू आहे म्हणून डॉक्टरांनी रक्त तपासलं. रुबेलाची आयजीजी निगेटिव्ह, म्हणजे तिला संरक्षणच नाही. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्रात गोवर-रुबेला मोहीम झाली, पण ती ९ महिने ते १५ वर्षांच्या मुलांसाठी होती. हिच्या वयाच्या कितीतरी मुली तशाच राहिल्या असणार.

एवढं कळलंय की लस जिवंत विषाणूची आहे, गरोदरपणात देत नाहीत आणि घेतल्यावर निदान महिनाभर दिवस राहू द्यायचे नाहीत. घरचे म्हणतात, "पुरळ उठून जाणारा आजार, त्याला काय एवढं!" पण पहिल्या तीन महिन्यांत आईला रुबेला झाला तर बाळाच्या कानांवर, डोळ्यांवर, हृदयावर परिणाम होऊ शकतो. हे त्यांना कसं पटवून द्यावं?

साताऱ्यात किंवा पुण्यात मोठ्यांना एमएमआर (गोवर, गालगुंड आणि रुबेलाची एकत्र लस) कुठे मिळते? बालरोगतज्ज्ञ देतात का? एक डोस पुरतो की दोन घेतलेत? तिला नुकताच स्टिरॉइडच्या गोळ्यांचा छोटा कोर्स झालाय, त्यानंतर किती थांबायला सांगतात? ते डॉक्टरांनाही विचारणारच आहोत. बायकांचे सांधे नंतर काही दिवस दुखतात म्हणे, तुम्हाला कितपत त्रास झाला? ज्यांनी घेतली आहे त्यांनी कृपया लिहा, तिला खूप धीर येईल.