जुनी मारुती ८००: बॅटरी ठीक, तरी सेल्फ टिकटिक करतो. केबल बदलावी का?

प्रश्न
कार्ब्युरेटरवाली ८००. सकाळी बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, तरी किल्ली फिरवली की सेल्फ जड फिरतो, कधी नुसती टिकटिक. प्लस टर्मिनलवर हिरवट-निळी भुकटी आहे. घासून भागेल का?

उत्तर १
आधी मोजा. कॉइलची मधली एचटी वायर (स्पार्ककडे जाणारी जाड वायर) काढून बॉडीला अर्थ करा, म्हणजे इंजिन चालू होणार नाही. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खांबावर (त्याला आवळलेल्या क्लॅम्पवर नव्हे), दुसरं सेल्फच्या जाड बोल्टवर. कुणाला तरी चार-पाच सेकंद सेल्फ मारायला सांगा. ०.५ व्होल्टच्या वर गेलं तर दोष त्याच वाटेत. मायनस खांब ते इंजिन ब्लॉक ०.२ च्या आत हवं. ओहमवर तपासू नका. एकच तार शाबूत असली तरी शून्यच दाखवतं.

प्रश्नकर्ता
प्लसकडे ०.९. त्यातले खांब ते क्लॅम्प फक्त ०.१.

उत्तर १
मग घासून उपयोग नाही. उरलेले ०.८ क्लॅम्पच्या पुढे, केबलच्या वाटेत जातात; बहुतेक केबलच गेली.

उत्तर २
क्लॅम्पपासून दोन-तीन इंच आवरण चिरून बघा. अ‍ॅसिड तारांच्या फटींतून आत चढतं, तांबं काळं पडून भुगा होतं. बाहेरून केबल फक्त फुगलेली आणि कडक लागते. २५ चौरस मिमीची मल्टिस्ट्रँड (अनेक बारीक तारांची) तांब्याची केबल घ्या. एक तार ब्लेडने खरवडा: आत पांढरी निघाली तर अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे, परत द्या. लग (केबलच्या टोकाचा भोकाचा धातूचा तुकडा) हायड्रॉलिक क्रिम्परने दाबून घ्या. हातोडीने ठोकलेला लग काही महिन्यांत सैल होतो. वरून गोंदवाली हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी).

उत्तर ३
काढताना मायनस आधी, लावताना शेवटी. उलटं केलंत आणि प्लसवरचा १० चा पाना बॉडीला टेकला, तर थेट शॉर्ट. खांब खायच्या सोड्याच्या कोमट पाण्याने धुवा, पण पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नका. अर्थच्या बोल्टखालचा रंग खरवडून पत्रा चकचकीत करा; प्लस बदलतात आणि हे विसरतात. पेट्रोलियम जेली आवळून झाल्यावर, वरून.

भुकटी परत आली तर इंजिन चालू ठेवून चार्जिंग मोजा. १४.८ व्होल्टच्या वर असेल तर रेग्युलेटर (चार्जिंगचा व्होल्टेज आवरणारा भाग) बघा, नाहीतर नवी केबलही तशीच खाल्ली जाईल.