तिसऱ्या वर्षाला हायड्रॉलॉजी कशी शिकवावी? सल्ला हवा

भोगावतीकाठ:
नमस्कार. कोल्हापुरात सिव्हिल इंजिनिअरिंगला शिकवते. या सेमिस्टरला हायड्रॉलॉजी (पाऊस, नद्या, पूर यांचं शास्त्र) माझ्याकडे आली आहे. पोरं युनिट हायड्रोग्राफचं (ठरावीक पावसानं नदीचा प्रवाह वेळेनुसार कसा चढतो-उतरतो त्या आलेखाचं) गणित पेपरात बरोबर सोडवतात, पण पंचगंगा वाढायला लागली की "मॅडम, पाणी कुठवर येईल?" हे मलाच विचारतात. सीओ (कोर्स आउटकम, म्हणजे कोर्सनंतर पोरांना काय यायला हवं ते) लिहून झालेत, पण सगळे "समजून घेणे" वरच अडकलेत. कोर्स कसा बांधू?

केटी_वेअर:
मॅडम, आधी ते सीओ खोडा. "समजलं" हे तपासणार कसं? शेवटी पोरांनी काय करून दाखवायचं ते ठरवा, मग त्याची परीक्षा, आणि लेक्चरं सगळ्यात शेवटी. माझ्या मते हा एक सीओ कोर्सचा कणा होईल: "पाऊस आणि विसर्ग दिल्यावर पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांची इशारा पातळी आणि 43 फुटांची धोका पातळी कधी गाठेल याचा अंदाज बांधणे, तो किती चुकू शकतो हेही सांगणे."

पहिल्याच तासाला फळ्यावर लिहा: राधानगरी धरणाचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की 1428 क्युसेक, म्हणजे सेकंदाला साधारण 40 घनमीटर. असे सात दरवाजे. हे पाणी कोल्हापुरात किती तासांनी पोचेल? पोरं अडतील, आणि फ्लड राउटिंग (पुराचं पाणी खाली कधी आणि किती पोचेल याचं गणित) कशासाठी शिकायचं ते तिथंच पटेल. कासारी, कुंभी, तुळशी या नद्या वाटेत मिळतात, त्यामुळं नुसत्या धरणाच्या आकड्यावर भागत नाही, हे त्यांचं त्यांनाच सापडू द्या. तुम्ही सांगू नका.

उद्यमनगर:
वरच्याशी सहमत. रॅशनल मेथड (पावसाचा जोर आणि क्षेत्रफळ यांवरून सर्वाधिक प्रवाह काढायचं सूत्र) मात्र शहरातल्या जयंती नाल्यावर करून घ्या, पाणलोट लहान आहे. कुणीतरी तेच सूत्र अख्ख्या पंचगंगा खोऱ्याला लावेल. लावू दे. सूत्र सगळीकडं सारखा पाऊस धरतं आणि इकडं गगनबावड्यात कोसळत असतो तेव्हा शहरात नुसती भुरभुर असते. त्या चुकलेल्या आकड्यावर पूर्ण तास घालवला तरी चालेल.

भोगावतीकाठ:
खूप उपयोग झाला. पण वर्ग मोठा आहे, मार्क कसे द्यायचे? आणि कॉपी?

केटी_वेअर:
चौघांचे गट करा आणि पूर वेगवेगळे द्या: 2005, 2019, 2021. पातळीचे आकडे पेपरात छापून येतात, जुन्या अंकांतून पोरांनाच काढू द्या. अंदाज जुळला म्हणून मार्क नकोत, रीतीला द्या. शेवटी प्रत्येकाला एकटं बोलावून पाच मिनिटं तोंडी घ्या, "हा आकडा इथं का धरला?" एवढंच विचारा. वेळ कमी पडला तर थिअरीची दोन लेक्चरं कापा, ही तोंडी कापू नका.