मदत हवी आहे: अडीच वर्षांचा मुलगा दोन शब्द जोडून बोलत नाही

नमस्कार. आम्ही नागपूरला मानेवाड्याकडे राहतो. मुलगा अडीच वर्षांचा आहे. चालणं, धावणं सगळं वेळेवर झालं. हाक मारली की बघतो, हवी ती वस्तू बोट दाखवून मागतो, आजोबांची नक्कल करतो. पण शब्द मोजकेच: आई, आबा, पाणी, भूभू, गाडी. ‘पाणी दे’, ‘आबा चल’ असं अजून एकदाही बोललेला नाही. मुलं साधारण दोन वर्षांची होईपर्यंत असे दोन शब्द जोडायला लागतात, हे वाचल्यापासून मला चैन नाही.

आम्ही दोघंही नोकरी करतो, नवरा बुटीबोरीला जातो. दिवसभर मुलगा सासू-सासऱ्यांकडे असतो. दोघांचा त्याच्यावर फार जीव आहे, त्यामुळे ही तक्रार समजू नका. पण मोबाइल लावल्याशिवाय तो घास घेत नाही. उन्हाळ्यात तर दुपारभर दारं लावून कूलरच्या खोलीत बसावं लागतं, तिथे टीव्ही सुरूच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त १ तास स्क्रीन सांगितली आहे, आणि त्याहून कमी तर आणखी चांगलं. आमच्याकडे तो तास दुपारच्या जेवणापर्यंतच संपतो.

विषय काढला की सासूबाई म्हणतात, “याचा बापही उशिराच बोलला. बोलेल ना, घाई कायची आहे?” शेजारच्या काकूंचं म्हणणं वेगळंच. घरी मराठी, खाली खेळायला गेला की हिंदी, प्लेस्कूलमध्ये इंग्रजी, म्हणून पोरगा गोंधळलाय, एकच भाषा ठेवा. त्याच्याशी मराठी बोलणं सोडायचं, ही कल्पनाच मला सहन होत नाही.

अजून थांबावं का? दाखवायचं तर आधी कुणाला? आणि सासूबाईंचं मन न दुखवता मोबाइल कसा सोडवावा?

प्रतिसाद

ताई, थांबू नका. आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि कान तपासून घ्या. हाकेला बघतो म्हणजे ऐकू नीट येतं असं धरून चालू नका. थोडं कमी ऐकू येणारी मुलंही हाकेला बघतात. मेडिकलच्या (नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या) कान-नाक-घसा विभागात दाखवता येईल. गरज वाटली तर पुढे वाचा-उपचार तज्ज्ञांकडे पाठवतील. बोट दाखवणं, नक्कल करणं ही चांगली लक्षणं आहेत, ती डॉक्टरांना आवर्जून सांगा.

मराठी मुळीच सोडू नका. दोन-तीन भाषा कानावर पडल्याने बोलणं उशिरा येत नाही. ज्या भाषेत तुम्ही त्याच्याशी मनापासून, भरपूर बोलता तीच त्याच्या कामाची.

मोबाइलची खरी अडचण अशी की तो पोराच्या उत्तरासाठी थांबत नाही. मूल बोट दाखवतं, आपण “भूभू? हो, काळा भूभू आला!” म्हणतो, मग थांबतो, ते पुन्हा काहीतरी आवाज काढतं. या देवाणघेवाणीतूनच भाषा उगवते. त्यामुळे एकदम सगळं बंद करण्यापेक्षा आधी एका जेवणाचा मोबाइल काढा, आणि त्या वेळी आजीला गोष्ट सांगायला बसवा. पहिले काही दिवस तो कमी खाईल, रडेल. तेवढं घरातल्या सगळ्यांनी मिळून निभवावं लागेल.

डॉक्टरांकडे जाताना सासूबाईंना सोबत न्या. दिवसभर तो त्यांच्याजवळ असतो, त्याच्याबद्दल सगळ्यांत जास्त त्याच सांगू शकतील.