दोन लाख घेऊन सही करावी का? (भावोजींची तीन बोटं गेली)

गुहागरी: आमचे भावोजी उरणजवळच्या एका यार्डात ठेकेदाराकडे रिगर (क्रेनला माल बांधणारे) होते. फेब्रुवारी 2025 मध्ये समुद्रातल्या बॉम्बे हाय तेलक्षेत्राला जाणारे पाइप उतरवताना स्लिंग सटकली, उजव्या हाताची तीन बोटं गेली. वय 30, पगार 24 हजार. आता मुकादम घरी खेपा घालतोय: दोन लाख घ्या, 500 च्या स्टँपवर 'काही तक्रार नाही' लिहून द्या. ताई म्हणते घेऊन टाकू. एक वकील म्हणतो, मी लढतो, मिळेल त्यातले 30 टक्के माझे. काय करावं?

खाडीपलीकडचा: घ्या. मीही ठेकेदाराकडे राबलोय. तक्रार केलेल्याचं नाव मुकादमांच्या तोंडोतोंडी फिरतं, पुन्हा गेट पास मिळत नाही.

उरण नाका: तीन बोटं गेलेल्याला रिगर म्हणून गेट पास कोण देणार होतं?

हिशोब करा. अपघात नवी सामाजिक सुरक्षा संहिता येण्याआधीचा, म्हणजे 1923 चा नुकसानभरपाई कायदा. पगार 15 हजारांच्या वर कितीही असो, कायदा 15 हजारच धरतो. त्याचे 60 टक्के, गुणिले कायद्याच्या तक्त्यातला वयाचा गुणक (30 ला 207.98), म्हणजे पूर्ण अपंगत्वाला 18,71,820. कायद्याच्या परिशिष्टात तीन बोटांना 30 टक्के, म्हणून 5,61,546. महिन्याभरात दिले नाहीत म्हणून वर वर्षाला 12 टक्के व्याज. आणि मुकादम दोन लाखांवर उपकार करतोय!

खाडीपलीकडचा: कागदावर साडेपाच. हातात किती, आणि कधी? ईएसआयमधून, म्हणजे कामगार विम्यातून, मिळणार नाही का?

उरण नाका: पगार 21 हजारांच्या वर, म्हणून ईएसआय नाही.

गुहागरी: ठेकेदार म्हणतो हॉस्पिटलचं बिल मीच भरलं, ते यातून वजा.

उरण नाका: बिल वेगळं, भरपाई वेगळी. उपचाराचा खर्च मालकानंच द्यायचा असतो.

देवगडचो: कोर्टाच्या पायऱ्या झिजवून कोणाचा भला झाला? माझो चुलतो गेलो होतो. शेवटी वकील बरो, आम्ही कोरडे.

लेबरवाली ताई: मी कामगारांच्या केसेसची कामं करते, म्हणून मध्येच बोलते. टक्केवारीवर फी ठरवणं वकिलाला मनाई आहे. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते गैरवर्तन ठरवलं. त्या 30 टक्केवाल्याला तिथूनच नमस्कार करा. औद्योगिक कामगाराला विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही. तालुका कोर्टात समिती असते, नाहीतर 15100 वर फोन करा. शिवाय उरणला जायची गरज नाही, अर्जदार जिथे राहतो तिथल्या आयुक्ताकडे (भरपाईचे दावे ऐकणारा अधिकारी) दावा चालतो.

देवगडचो: फुकटचो वकील तारखेक येता काय?

लेबरवाली ताई: काही येत नाहीत, खरं आहे. तो बदलून मागता येतो. पण स्टँपचं ऐका. हक्क सोडायचा करार कायद्यानं बाद आहे. तडजोड आयुक्ताकडे नोंदवावी लागते आणि रक्कम कमी वाटली तर ते नोंदणी नाकारू शकतात. म्हणूनच मुकादम कोर्टात न जाता ओटीवर बसून चहा पितो.

खाडीपलीकडचा: आणि ठेकेदार गायबच झाला तर? तौक्ते वादळात, मे 2021 मध्ये, बॉम्बे हायजवळ पी-305 ही कामगारांची बार्ज बुडाली तेव्हा तिच्यावर बहुतेक ठेकेदारांचीच माणसं होती. कोणाचा कोण, हेच घरच्यांना कळेना.

लेबरवाली ताई: म्हणून ज्या कंपनीचं काम होतं तिलाही दाव्यात घालायचं. काम तिच्या नेहमीच्या धंद्यातलं आणि जागा तिच्या ताब्यातली असेल तर पैसे तिच्याकडून मागता येतात. तिनं मग ठेकेदाराकडून वसूल करावेत.

एक मुद्दा उरण नाक्यांकडून सुटला. 30 टक्के हा फक्त परिशिष्टातला आकडा. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर तुटला होता, तर 1975 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याचं अपंगत्व पूर्ण धरलं, कारण एका हातानं सुतारकी होत नाही.

खाडीपलीकडचा: आख्खा हात आणि तीन बोटं एक नव्हेत.

लेबरवाली ताई: नाहीत. पण दोर ओढणाऱ्याच्या उजव्या हाताची आहेत. डॉक्टरकडून काम होतं की नाही ते लिहून घ्या. दावा दोन वर्षांत लावायचा, फेब्रुवारी 2027 च्या आत.

गुहागरी: आमच्या ताईला हे सगळं दाखवलं. ती विचारते, तोवर घर कशावर चालवायचं?

खाडीपलीकडचा: हेच मी पहिल्यापासून विचारतोय.

उरण नाका: त्याला उत्तर नाही माझ्याकडे. पण मुकादमाला सांगा, दोन लाख आयुक्ताकडे भर आणि पावती आण. किती दिवस खेपा घालतो बघू.