मदत हवी आहे: रीसेलर होस्टिंग, रूट (सर्व्हरचा पूर्ण ताबा) नाही, आणि होस्टचा ‘डेली बॅकअप’ १९ दिवस जुना निघाला

गंजगोलाई_होस्ट (लातूर)

मंडळी नमस्कार. लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या.

सात वर्षांपासून लातुरात वेबसाइट करून देतो आणि त्याच ग्राहकांना होस्टिंगही विकतो. स्वतःचा सर्व्हर नाही. एका कंपनीचा रीसेलर प्लॅन घेतलाय (त्यांची जागा घेऊन पुढं विकायची), डब्ल्यूएचएमचं (सगळी अकाउंट सांभाळायचं पॅनेल) लॉगिन आहे, त्यात ४३ सीपॅनेल अकाउंट (एकेका ग्राहकाची साइट आणि मेल). अडत दुकानं, दोन डाळ मिल, एक मंगल कार्यालय, तीन शाळा, एक पतसंस्था (नुसती माहितीची साइट, व्यवहार नाहीत, नशीब) आणि पाच कोचिंग क्लास. लातुरात क्लासवाला ग्राहक म्हणजे काय प्रकरण असतं हे इकडच्यांना सांगायला नको. दहावीचा निकाल लागला की आठ-पंधरा दिवसांत नांदेड, परभणी, बीडकडचे पालक फॉर्म भरतात. वर्षाचा धंदा तेवढ्यात होतो.

नेमक्या त्याच दिवसांत एका मंगळवारी रात्री सव्वाअकराला सगळ्या साइट गेल्या. तिकीट टाकलं. पहाटे उत्तर आलं: रेडमधल्या (एक डिस्क गेली तरी डेटा टिकावा म्हणून केलेली डिस्कची जोडणी) दोन डिस्क पाठोपाठ गेल्या, बॅकअपमधून रिस्टोर चालू आहे. मला हायसं वाटलं, कारण त्यांच्या पानावर ठळक अक्षरांत ‘डेली बॅकअप’ लिहिलंय. गुरुवारी दुपारी साइट वर आल्या. बघतो तर डेटा १९ दिवस जुना, तोही ३७ अकाउंटचाच. उरलेल्या ६ चा बॅकअपच घेतलेला नव्हता. त्यांचे आयनोड (म्हणजे फाइली-फोल्डरांची संख्या) अडीच लाखांच्या वर गेले होते, आणि असली अकाउंट वगळतो हे अटींमध्ये लिहिलेलं आहे. मी वाचलं नव्हतं. ती चूक माझीच.

एका क्लासचे ३१२ प्रवेश अर्ज गेले. फॉर्मची एक प्रत सरांच्या जीमेलवर जात होती म्हणून वाचलो. मी, बायको आणि क्लासमधला एक मुलगा, तिघांनी तीन रात्री बसून मेल बघून अर्ज पुन्हा टाइप केले. डाळ मिलवाल्या काकांचं तर वेगळंच. बुधवारी त्यांच्या कॉम्प्युटरवर आउटलुकमध्ये सगळे जुने मेल दिसत होते. गुरुवारी सर्व्हर सुरू झाल्याचं मी सांगितलं, त्यांनी आउटलुक उघडलं आणि बघता बघता इनबॉक्स रिकामा झाला. “डोळ्यांदेखत गेलं रे पोरा,” म्हणाले. हे कसं झालं ते मला अजून कळंना.

आता रूट नसताना माझा मी बॅकअप कसा घेऊ? मेलचं काय करू? उद्या हाच होस्ट पुन्हा आडवा झाला तर दुसरीकडे किती वेळात उभं राहता येईल? आणि या सगळ्याचे पैसे ग्राहकाकडून कसे मागायचे? अजूनही रोज फोन यायलेत. एकूण डेटा ११८ जीबी आहे.


बिडकर_बाइट

रेड म्हणजे स्टेपनी. पंक्चर झालं तर उपयोगी, गाडीच चोरीला गेली तर काय करणार? रेडला बॅकअप समजू नका.


गंजगोलाई_होस्ट

भाऊ, रेड माझं नव्हतंच. मी तर गाडीही भाड्यानं घेतलेली.


टर्मिनल_तात्या (छत्रपती संभाजीनगर)

रूट नाही म्हणून हात बांधलेले नाहीत. सीपॅनेलच्या यूएपीआयमध्ये (स्क्रिप्टमधून सीपॅनेलला हुकूम द्यायची सोय) पूर्ण अकाउंटचा बॅकअप बनवून तो एससीपी किंवा एफटीपीनं (फाइली पाठवायच्या पद्धती) बाहेर पाठवता येतो, होस्टनं बंद केली नसेल तर. पण त्यात दोन खोडी आहेत. एक, ते आर्काइव्ह आधी त्या अकाउंटच्याच जागेत तयार होतं. ५ जीबीच्या कोट्यात ४ भरलेले असतील तर काम अर्ध्यात मरतं. दुसरी खोड जास्त वाईट. ते पूर्ण आर्काइव्ह सीपॅनेलचा वापरकर्ता स्वतः रिस्टोर करू शकत नाही, त्याला रूट लागतं. म्हणजे घरात धान्याचं पोतं आहे पण चक्की दुसऱ्याची. होम डिरेक्टरी आणि डेटाबेस वेगवेगळे घेतलेत तर ते मात्र तुमचे तुम्ही चढवू शकता.

मी काय करतो सांगतो. होस्ट एसएसएच (सर्व्हरवर दुरून सुरक्षित लॉगिन) देत असेल तर दुसऱ्याच कंपनीकडे एक छोटा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) घ्या. त्या व्हीपीएसनं रात्री येऊन आरसिंकनं (बदललेल्या फाइलीच नेणारं साधन) फाइली ओढून न्याव्यात, डेटाबेसचे डंप (पूर्ण उतारे) न्यावेत, आणि मग रेस्टिकनं (बॅकअपचं साधन) त्याच्या आवृत्त्या ठेवाव्यात. डंपला सिंगल ट्रान्झॅक्शनचा पर्याय लावा, म्हणजे साइट न थांबवता इनोडीबी प्रकारच्या टेबलांचं एका क्षणाचं चित्र मिळतं. जुनी मायआयसॅम प्रकारची टेबलं असतील तर तो लागू पडत नाही, ती बदलून घ्या.

ओढून नेणं आणि ढकलून देणं यातला फरक नीट समजून घ्या. सर्व्हरनं बॅकअप ढकलायचा म्हटलं की बॅकअपच्या जागेची किल्ली सर्व्हरवरच ठेवावी लागते. सर्व्हरवर चोर शिरला की तो बॅकअपही पुसतो. ऑगस्ट २०२३ मध्ये डेन्मार्कच्या क्लाउडनॉर्डिक या होस्टवर रॅन्समवेअर (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम) आलं, त्यात सर्व्हरबरोबर बॅकअपही एन्क्रिप्ट झाले आणि बहुतेक ग्राहकांचं सगळं गेलं. किल्ली बॅकअपवाल्या मशीनकडेच हवी आणि त्या मशीनवर दुसरं काहीही चालवू नका. तिथं एखाद्या मित्राची साइट ‘तात्पुरती’ ठेवायचा मोह होतो, मला झाला होता.

शिवाय त्या ११८ जीबीची फोड करा. डेटाबेस किती, मेल किती?


गंजगोलाई_होस्ट

आत्ता बघितलं. मेल ७१ जीबी. डेटाबेस सगळे मिळून ३ जीबीसुद्धा नाहीत. बाकी फोटो आणि वर्डप्रेस.


टर्मिनल_तात्या

मग अवघड काहीच नाही. जे हरवलं की ग्राहक गळा धरतो, ते प्रवेश अर्ज त्या ३ जीबीत आहेत. ते दर चार तासांनी घ्या. फोटो रात्री एकदा. सगळ्याला एकच मोजमाप लावलं की खर्च वाढतो आणि माणूस कंटाळून सगळंच सोडून देतो.

ऑफिसातही एक प्रत ठेवा, पण तिच्यावरच विसंबू नका. ती परत वर चढवताना किती वेळ लागेल ते मोजा. तुमच्या लाइनचा अपलोड ४० एमबीपीएस धरला तर ११८ जीबीला साडेसहा तास, तेही लाइन पूर्ण वेगानं चालली आणि मध्ये लाइट गेली नाही तर. व्हीपीएसवरून डेटासेंटरमधून डेटासेंटरमध्ये तेच काम त्याच्या काही अंशात होतं.


गोदाकाठ (नांदेड)

मेलचं मी सांगते, गेली काही वर्षं मी तेवढंच काम करते.

दादा, काकांचे मेल तुमच्या होस्टच्या डिस्कमुळे अर्धेच गेले. उरलेले अर्धे आउटलुक उघडल्यामुळे गेले. आयमॅपमध्ये कॉम्प्युटरवर दिसतं ते सर्व्हरचं प्रतिबिंब असतं. सर्व्हर रिकामा किंवा जुना होऊन वर आला की आउटलुक प्रामाणिकपणे आपली प्रतही तशीच करतं. म्हणून सर्व्हर पडल्यावर ग्राहकांना पहिला निरोप हा द्यायचा: आउटलुक, थंडरबर्ड उघडू नका. उघडंच असेल तर इंटरनेट काढा आणि आहे ते मेल लोकल फोल्डरमध्ये किंवा पीएसटी फाइलमध्ये (आउटलुकची साठवणीची फाइल) कॉपी करा. हा निरोप आजच टाइप करून ठेवा, त्या रात्री शब्द सुचत नाहीत. पीओपीवाले ग्राहक उलट सुरक्षित असतात, त्यांचे मेल त्यांच्याच मशीनवर उतरलेले असतात. फक्त ते मशीन मेलं की संपलं.

आता येणाऱ्या मेलचं. सर्व्हर पूर्ण बंद असेल तर घाबरायचं कारण नाही. पाठवणारा सर्व्हर मेल रांगेत ठेवतो आणि साधारण ४-५ दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. खरा धोका सर्व्हर अर्धवट सुरू झाल्यावर असतो. नवीन जागी डोमेन चढवलं पण मेलबॉक्स अजून बनवले नाहीत, तर तो सर्व्हर ‘असा कुणी इथे नाही’ म्हणून मेल तिथल्या तिथं परत पाठवतो. रांग वगैरे काही नाही, मेल गेला. म्हणून आधी सगळे मेलबॉक्स तयार करायचे, एमएक्स (मेल कुठल्या सर्व्हरवर जावेत ती नोंद) मागाहून बदलायचा. होम डिरेक्टरीतलं ईटीसी फोल्डर बॅकअपमध्ये येतंय ना तेही बघा. मेलच्या पासवर्डचे हॅश (सांकेतिक रूप) त्यात असतात, ते असलं की ४३ ग्राहकांना नवे पासवर्ड वाटत बसावं लागत नाही.


हळदीचा_सर्व्हर (वसमत)

डीएनएसचं (डोमेनचा सर्व्हर कुठं आहे ते सांगणारी पत्त्यांची वही) कुणी बोललंच नाही. तुमचे नेमसर्व्हर (ही वही ठेवणारे सर्व्हर) कुठं आहेत? रीसेलर लोक हौसेनं स्वतःच्या नावाचे एनएस १, एनएस २ करतात आणि दोन्ही त्याच एका सर्व्हरवर असतात. मी पण तेच केलं होतं. सर्व्हर पडला की पत्ता बदलायची पाटीसुद्धा त्याच्याबरोबर पडते. डीएनएस वेगळ्या ठिकाणी न्या, क्लाउडफ्लेअरचा मोफत प्लॅन पुरतो. सीपॅनेलमध्ये टीटीएल (एकदा मिळालेला पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा तो आकडा) मुळात १४४०० सेकंद, म्हणजे ४ तास असतो. तो आजच ३०० करा. सर्व्हर पडल्यावर करून उपयोग नाही, जुना आकडा लोकांच्या रिझॉल्व्हरमध्ये (पत्ता शोधून देणारा सर्व्हर) बसलेला असतो. झोन फाइलींची (डोमेनच्या डीएनएस नोंदींची) प्रत काढून ठेवा, आणि डोमेन होस्टकडेच घेतली असतील तर हळूहळू दुसऱ्या रजिस्ट्रारकडे (डोमेन नोंदवणारी कंपनी) न्या.

प्रत दुसऱ्या जागी हवी म्हणजे खरोखर दुसऱ्या गावात. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच या होस्टचं अख्खं डेटासेंटर जळालं, तेव्हा ज्यांचा बॅकअपही त्यातच जळाला त्यांना काहीच मिळालं नाही. तुम्ही तर लातूरचे, साठ्याचं महत्त्व तुम्हाला काय सांगायचं. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं तेव्हा ज्याच्या घरी दोन टाक्या होत्या तो राजा होता.


परभणीकर_सीए_नाही

पैशाचं माझ्याकडून. बॅकअपचे पैसे वेगळे मागितले की ग्राहक म्हणतो, मग आतापर्यंत काय करत होतात? म्हणून मी ‘बॅकअप’ असं विकत नाही. दोन दर ठेवलेत. एकात साइट गेली तर २४ तासांपूर्वीची प्रत दोन दिवसांत, दुसऱ्यात ४ तासांपूर्वीची प्रत त्याच दिवशी. दुसऱ्याचे वर्षाला १५०० जास्त. बिलाच्या मागं मराठीत छापलंय आणि सही घेतो. इंग्रजीत छापलं की कुणी वाचत नाही (तुम्ही पण नाही वाचलं!). अडतवाला पहिला दर घेतो, क्लासवाला न विचारता दुसरा.

कायद्याचंही ध्यानात असू द्या. डिस्क जाणं वेगळं. साइट हॅक झाली किंवा रॅन्समवेअर आलं, तर सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे कळल्यापासून ६ तासांत त्यांना कळवायचं असतं, आणि लॉग १८० दिवस जपायचे असतात. ‘आपण लहान आहोत’ म्हणून सुटका होत नाही.


गंजगोलाई_होस्ट

सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहायलोय, कारण करून बघितल्याशिवाय तोंड दाखवायचं नाही असं ठरवलं होतं.

व्हीपीएस घेतला, डीएनएस हलवलं, टीटीएल ३०० केला. आयनोड फुगलेल्या सहापैकी चार अकाउंटमध्ये नुसता कॅशेचा (साइटच्या तात्पुरत्या फाइलींचा) कचरा होता, तो काढला. परवा रविवारी दुसऱ्या एका होस्टचं महिन्याभराचं अकाउंट घेऊन चिठ्ठ्या टाकून ५ साइट निवडल्या आणि कोऱ्या जागी उभ्या केल्या. पहिली साइट उभी करायला ३ तास लागले, पाचवी ४० मिनिटांत. चार चालल्या. शाळेच्या साइटचा डंप शून्य बाइटचा निघाला, रोज नेमानं शून्य बाइट. मागे मी त्या डेटाबेसचा पासवर्ड बदलला होता, स्क्रिप्टला सांगायचं राहिलं.


टर्मिनल_तात्या

मोठ्यांचंही असंच होतं. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबवाल्यांनी (प्रोग्रामचा कोड ठेवायची सेवा) चुकून चालू डेटाबेस उडवला. डंप व्हर्जन न जुळल्यामुळे आधीपासूनच बनत नव्हता आणि बिघाडाच्या मेल कुणाला पोचतच नव्हत्या. ६ तासांपूर्वी हातानं घेतलेल्या एका स्नॅपशॉटवर (त्या क्षणाच्या प्रतीवर) निभावलं. तुम्ही फाइलीचा आकार तपासणारी ओळ स्क्रिप्टमध्ये टाका. काम झालं तरच निरोप जाईल आणि सकाळी निरोप आला नाही तर फोन वाजेल, अशी व्यवस्था करा. बिघाड झाला की कळवेन म्हणणारी स्क्रिप्ट स्वतःच मेली तर कळवणार कोण?


गंजगोलाई_होस्ट

करतो. एक शेवटचं विचारतो. डाळ मिलवाले काका म्हणतायत, “पोरा, माझे मेल दर महिन्याला पेनड्राइव्हवर देत जा, तिजोरीत ठेवतो.” ९ जीबी आहेत. एन्क्रिप्ट करून देऊ की साधेच?


गोदाकाठ

साधेच द्या दादा. पासवर्ड लावलात तर तो काका चिठ्ठीवर लिहून पेनड्राइव्हलाच चिकटवतील. तिजोरीला कुलूप आहे की. फक्त दोन पेनड्राइव्ह आलटून पालटून वापरा, आणि देण्याआधी त्यांच्याच कॉम्प्युटरवर एकदा उघडून दाखवा.