शब्दचर्चा: ‘व्यसनी’ झालो, ‘आहारी’ गेलो की आणखी काही?

कुळागर (फोंडा): नववी-दहावीच्या मुलांसाठी एक दीर्घकथा लिहितेय. सोळा वर्षांचा मुलगा सीझनला मामाच्या किनाऱ्यावरच्या शॅकवर कामाला जातो, तिथे कुणीतरी पुडी हातात ठेवतं. कथा तोच सांगतो. ‘मी व्यसनी झालो होतो’ या वाक्यावर अडलेय. त्याच्या तोंडून हेडमास्तर बोलतात असं वाटतं. ‘आहारी गेलो’ म्हटलं की पेपरातली बातमी होते. दुसरा शब्द सुचवाल का? आणि अमली की अंमली?

पेडण्याचा मास्तर: दुसरं आधी. मूळ अरबी ‘अमल’. मराठीत तो अंमल झाला, आणि सत्ता व नशेचा असर असे दोन्ही अर्थ त्याला चिकटले. राजाचा अंमल बसतो, भांगेचा अंमल चढतो. त्यामुळे अनुस्वार दिलात तर चूक नाही, पेपरवाले बहुधा ‘अमली’ छापतात. (आपल्याकडचा पोर्तुगीज अंमल १५१० ते १९६१. उतरायला जरा वेळच लागला.) १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या मराठी नावात मात्र ‘गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ’ आहेत. घाला बघू त्या पोराच्या तोंडी!

‘व्यसन’ म्हणाल तर संस्कृतात त्याचा एक अर्थ संकट. मनुस्मृतीने राजासाठी कामज दहा आणि क्रोधज आठ व्यसनं मोजलीत. त्या दहांत मद्य आहे, जुगार आहे, आणि दिवसाची झोपसुद्धा आहे. म्हणजे दुपारी दुकानाचं दार ओढून घेऊन आडवा होणारा अख्खा गोवा व्यसनी.

दादरहून म्हापशाला: ‘गर्दुल्ला’ नको हं. गर्द म्हणजे धूळ, त्यावरून ब्राऊन शुगरला नाव पडलं आणि ती ओढणारा गर्दुल्ला. ही मुंबईची शिवी आहे, माणूस त्यात दिसत नाही. पुण्याच्या मुक्तांगणात, १९८६पासूनचं व्यसनमुक्ती केंद्र ते, पेशंटला ‘रुग्णमित्र’ म्हणतात. शब्द चांगला, पण तोही उपचार करणाऱ्यांचा. मुलाच्या तोंडी ‘टर्की’ चालेल. माल न मिळाल्यावर अंग मोडून येतं, नाक गळतं, त्याला ओढणारे टर्कीच म्हणतात.

आजगावकरीण: तुम्ही सगळे नाम शोधताय. मला वाटतं क्रियापद बघा.

इंग्रजीत किशोरांसाठी या विषयावर बरंच लिहिलं गेलंय. १९७१चं ‘गो आस्क अ‍ॅलिस’ एका मुलीची खरी डायरी म्हणून खपलं. लेखिका म्हणून पुढे बिअ‍ॅट्रिस स्पार्क्स यांचं नाव आलं. शेवटी टिपणात मुलगी मेल्याचं सांगून टाकलंय, म्हणजे तात्पर्य तयार. मला ते पुस्तक आवडत नाही, भीती घालायलाच लिहिलंय. याउलट मेल्विन बर्जेसच्या ‘जंक’मध्ये (१९९६, बालसाहित्याचं कार्नेगी पदक) पात्रं आळीपाळीने बोलतात आणि कुणी उपदेश करत नाही. सुटायचं तर सुटू असंच ती मुलं आधी धरून चालतात. ‘व्यसन’ हा तिथे बाहेरून बघणाऱ्याचा शब्द. आतल्याला तो फार उशिरा सापडतो.

आता मराठी बघा. ‘मी घेतो’ यात कर्ता मी. मग ‘चटक लागली’. मग नुसतं ‘मला लागतं’. इथे ‘मी’ कर्ता राहिलाच नाही, भूक लागते, ठेच लागते, तसं. आमच्या शेजारचा एक मुलगा माझ्याकडे पैसे मागायला यायचा. पहिल्यांदा म्हणाला, ‘मामी, शंभर रुपये देशील?’ दुसऱ्यांदा, ‘शंभर हवे होते.’ तिसऱ्यांदा दारातच उभा, चप्पलही काढली नाही, ‘मामी, दोनशे लागतात.’ मी क्रियापदं मोजत नव्हते तेव्हा. नंतर लक्षात आलं.

पेडण्याचा मास्तर: पण ‘मला चहा लागतो’ हे आमच्या घरी सगळेच म्हणतात.

आजगावकरीण: म्हणूनच तर चालेल! वाचणाऱ्या मुलाला पहिल्यांदा ऐकताना काही वावगं वाटू नये. चहापासूनच सुरुवात करा.

कुळागर (फोंडा): पटलं. ‘व्यसन’ आता कथेत एकदाच येतं, समुपदेशकाच्या तोंडी. पण घोळ असा की घरचे संवाद मी कोकणीत ठेवलेत, आणि कोकणीत ‘हवं’ आणि ‘लागतं’ दोन्हींना ‘जाय’च.

आजगावकरीण: मग तो घोळ तसाच राहू द्या. निवेदन मराठीत ‘लागतं’पर्यंत पोचलेलं असेल आणि आईला मात्र एकच शब्द ऐकू येईल.

कुळागर (फोंडा): आत्ता लिहिलं, बघा:

दुपारी मला पैसे लागत होते. आई माशांची कढी ढवळत होती. मागे न बघता म्हणाली, ‘कितें जाय रे तुका?’

‘कांय नाका,’ मी म्हटलं, आणि तिची पर्स कुठे आहे ते पाहून ठेवलं.